मंडीभावाची लायब्ररी सांभाळताना : फेब्रुवारी ते मे २०२५ च्या नोंदी

मध्य प्रदेश आणि महाराष्ट्रातील मंड्यांचे रोजचे भाव एका सार्वजनिक सेवेकडून मागवायचे आणि ते पायथनमध्ये सहज वापरता येतील अशा स्वरूपात हाती द्यायचे, एवढेच काम करणारी एक लहान मुक्तस्रोत लायब्ररी मी २०१९ पासून इंदूरहून सांभाळतो. बडोद्याचे एक सहकारी माझे बदल तपासतात. आम्ही दोघेही नोकरी करतो, त्यामुळे हे काम रात्री नऊनंतरचे आहे. भाव देणाऱ्या सेवेचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण खाली जे घडले ते दुसऱ्या कोणत्याही सेवेच्या बाबतीत घडू शकते आणि त्यातल्या बहुतेक चुका आमच्याच होत्या.

१० फेब्रुवारी २०२५

देवास जिल्ह्यातील एका शेतकरी उत्पादक कंपनीचे हिशेब पाहणाऱ्या गृहस्थांनी कळवले की आठवड्यापासून सोयाबीनचा सर्वसाधारण दर चार रुपये दिसतो आहे. २०२४-२५ च्या हंगामाचा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजार त्याच्याही खाली चालला होता हे मला ठाऊक होते, पण तो इतका खाली नक्कीच नव्हता. छावणीच्या मंडीत पूर्वी आडत चालवणारे आमच्या शेजारचे काका आहेत, त्यांना फोन करून विचारले. ते म्हणाले, "चार हजाराच्या वरती पन्नास-शंभर समज. आणि तुझं मशीन चार रुपये सांगत असेल तर दोन ट्रक मला पण भरून दे."

कारण शोधायला दोन संध्याकाळी गेल्या, दुरुस्तीला वीस मिनिटे. सेवेने दर आकडा म्हणून न पाठवता स्वल्पविराम घातलेला मजकूर म्हणून पाठवायला सुरुवात केली होती. २०२० मध्ये कधीतरी एका मंडीच्या दरामागे "रु." असे अक्षर आले होते, तेव्हा मी मजकुरातील अंकांची पहिली सलग रांग उचलणारी एक ओळ लिहून मोकळा झालो होतो. तीच ओळ आता "४,०५०" मधून ४ आणि लसणाच्या "१२,५००" मधून १२ उचलत होती. हजाराच्या आतले दर, म्हणजे पालेभाजी किंवा पडलेला कांदा, अगदी बरोबर येत होते, आणि म्हणूनच फक्त भाजीपाल्याचे भाव पाहणाऱ्या वापरकर्त्यांकडून एकही तक्रार आली नव्हती.

आता दराचा मजकूर ठरलेल्या साच्यात बसला तरच तो वाचला जातो. स्वल्पविराम काढून त्याचा दशांश आकडा होतो. साच्यात न बसणारा मजकूर आला तर लायब्ररी तो मजकूर जसाच्या तसा दाखवून त्रुटी देते. सहकाऱ्यांनी विचारले की एका खराब ओळीपायी दिवसाचे सगळे भाव अडवायचे का. मी होय म्हणालो, आणि त्यावर आमचा अर्धा तास वाद झाला. शेवटी असे ठरले की मूळ वर्तन अडवण्याचेच ठेवायचे, आणि ज्याला खराब ओळी वगळायच्या असतील त्याने तसे स्पष्टपणे मागायचे.

१२ फेब्रुवारी

आमच्या दोनशेच्या वर चाचण्या रोज हिरव्या दिसत होत्या, मग हे सुटले कसे, हा प्रश्न उरलाच होता. उत्तर लाजिरवाणे आहे. चाचण्या खऱ्या सेवेला विचारतच नाहीत. २०२१ मध्ये नोंदवून ठेवलेली उत्तरे व्हीसीआर नावाचे साधन त्यांना पुन्हा पुन्हा वाजवून दाखवते. चार वर्षांपूर्वीची सेवा आमच्या संगणकात सुखरूप होती आणि आम्ही तिच्याशी उत्तम जुळवून घेत होतो.

सगळी उत्तरे नव्याने नोंदवायला घेतली. तसे करताना कच्चे उत्तर प्रथमच डोळ्यांनी नीट पाहिले आणि त्याच्या शीर्षकांमध्ये, म्हणजे मजकुराच्या आधी येणाऱ्या माहितीच्या ओळींमध्ये, "सनसेट" नावाचे एक शीर्षक आढळले. एखादा पत्ता कोणत्या तारखेनंतर बंद होणार हे सांगण्यासाठीच हे शीर्षक इंटरनेटच्या नियमांच्या २०१९ च्या एका दस्तऐवजात, आरएफसी ८५९४ मध्ये, ठरवलेले आहे. आमचा पत्ता ३० एप्रिल रोजी बंद होणार होता, म्हणजे त्याआधी सेवेच्या नवीन पत्त्यावर जायला हवे होते. आमची लायब्ररी उत्तराचा मजकूर घेऊन शीर्षके टाकून देते, त्यामुळे ही सूचना किती दिवस आमच्या दारात पडून होती कोण जाणे. आता हे शीर्षक दिसले की लायब्ररी तारखेसह इशारा देते. हे काम पंधरा ओळींचे आहे, आणि माझा आग्रह आहे की असे काही लिहिणाऱ्या प्रत्येकाने ते पहिल्याच दिवशी करून टाकावे.

१३ फेब्रुवारी

काल रात्री साडेअकराला नवीन नोंदी गिटहबवरच्या आमच्या कोडच्या सार्वजनिक भांडारात चढवल्या आणि आज सकाळी सहकाऱ्यांचा फोन आला, "तुमची की सगळ्या जगाला दिसते आहे." की म्हणजे सेवेने आम्हाला दिलेली गुप्त अक्षरमाळ. जुन्या पत्त्यावर ती यूआरएलमधून जात असे आणि नोंदी करताना तिथून ती गाळण्याची व्यवस्था आम्ही केली होती. नवीन पत्त्यावर ती शीर्षकातून जाते. व्हीसीआरमध्ये यूआरएलमधील घटक गाळणे आणि शीर्षके गाळणे या दोन वेगळ्या सूचना आहेत, आणि दुसरी मी दिलेलीच नव्हती.

पहिला विचार असा आला की ती नोंद इतिहासातून पुसून टाकावी. पुसलीही, पण तोवर नऊ तास गेले होते आणि उघड झालेली की जुन्या प्रती घेतलेल्यांकडून परत येत नसते. की रद्द करणे हाच खरा उपाय असतो आणि तो मी इतिहास पुसण्याच्या आधी करायला हवा होता. रद्द करण्याचा अर्ज केला. नवीन की यायला सहा दिवस लागले. त्या सहा दिवसांत नवीन पत्त्यावरचे काम पूर्ण थांबले. आता भांडारात काही चढवण्याआधी नोंदींच्या फायलींमध्ये कीसारखी दिसणारी लांब अक्षरमाळ शोधणारी एक तपासणी चालते.

१९ फेब्रुवारी

की आली. नवीन संगणकावर लायब्ररी बसवून पाहिली तर पहिल्याच विनंतीला ती कोसळली. सेवेकडे विनंत्या पाठवायला आम्ही यूआरएललिब३ ही लायब्ररी वापरतो. तिच्या एप्रिल २०२३ मधील २.० आवृत्तीने पुनर्प्रयत्नाच्या मांडणीतील "मेथड व्हाइटलिस्ट" हे जुने नाव काढून टाकले आहे. "अलाउड मेथड्स" हे नवे नाव १.२६ पासून उपलब्ध होते आणि जुने नाव वापरले की तेव्हापासून इशाराही मिळत होता. माझ्या जुन्या संगणकावर १.२६ च असल्यामुळे मला काही जाणवले नाही. एका शब्दाचा बदल, चाळीस मिनिटे.

२४ फेब्रुवारी

रोज सकाळी खऱ्या सेवेला एक विनंती करून उत्तराचा आकार तपासणारे काम आम्ही २०२२ मध्येच गिटहबवर लावले होते. ते चालू असते तर स्वल्पविरामाची भानगड पहिल्याच दिवशी कळली असती. काल पाहिले तर ते नोव्हेंबरपासून बंद होते. सार्वजनिक भांडारात साठ दिवस काहीच हालचाल झाली नाही तर गिटहब वेळापत्रकावरची कामे आपोआप थांबवते, आणि सप्टेंबरनंतर आम्ही काही चढवलेच नव्हते. ज्या काळात भांडाराकडे कोणाचे लक्ष नसते नेमक्या त्याच काळासाठी लावलेला पहारेकरी, कोणाचे लक्ष नाही म्हणून घरी गेला होता.

काम पुन्हा सुरू केले आणि ते लगेच नापास झाले. घरून चालवले तर पास. सहकाऱ्यांनी बडोद्याहून चालवले, तेही पास. गिटहबची यंत्रे भारताबाहेर आहेत आणि सेवा आता बाहेरून आलेल्या विनंत्यांना नकार देते, हे कळायला एक अख्खा रविवार गेला. तो इतका लांबण्याचे कारण असे की नकार "परवानगी नाही" असे सांगणाऱ्या ४०३ या क्रमांकाने येत होता, आणि मी दिवसभर नव्या कीमध्येच खोट शोधत बसलो.

मुंबईत भाड्याने लहान सर्व्हर घेतला तर महिना साडेचारशे रुपये पडत होते. ते न करता माळ्यावरचा २०१४ चा लॅपटॉप काढला, त्यावर लिनक्स बसवले आणि तो राउटरशेजारी ठेवला. बॅटरी अजून पाऊण तास टिकते, म्हणून वीज गेली तरी त्याचे काम अडत नाही; राउटरसाठी मात्र ११०० रुपयांचा छोटा यूपीएस घ्यावा लागला. वेळापत्रक सकाळी ९.१० चे आहे. गिटहबवर वेळ यूटीसीमध्ये लिहावी लागत असल्याने साडेपाच तास वजा करताना मी एकदा चुकलो होतो. घरच्या यंत्रावर तो त्रासही उरला नाही.

२६ फेब्रुवारी

लॅपटॉपच्या तपासणीत चूक ठेवली होती. नापास झाल्यावर ती क्षणाचीही उसंत न घेता पुन्हा विचारत असे, आणि अशा शंभरएक विनंत्यांनंतर सेवेने फार विनंत्या झाल्याचा ४२९ क्रमांक देऊन आम्हाला दिवसभरासाठी बाहेर काढले. यूआरएललिब३ स्वतः पुन्हा कधी विचारायचे हे सांगणाऱ्या "रिट्राय-आफ्टर" शीर्षकाचा मान राखते, पण मी तिच्यावर माझे स्वतःचे आवर्तन चढवले होते. ते काढून टाकले.

४ मार्च

उज्जैनच्या एका विद्यार्थ्याने लिहिले की त्याच्या तक्त्यात ३ एप्रिलचा भाव आला आहे आणि हे भाकीत कोणत्या पद्धतीने केले हे त्याला जाणून घ्यायचे आहे.

नवीन पत्त्यावर तारीख वर्ष-महिना-दिवस अशी न येता दिवस/महिना/वर्ष अशी येते, हे मला माहीत होते. तारखा वाचायला आम्ही डेटयुटिल वापरतो, ती कोणतीही तारीख ओळखते अशी तिची ख्याती आहे, आणि मी निर्धास्त होतो. पण तिला वेगळे सांगितले नाही तर ती पहिला आकडा महिना समजते. ०४/०३ चा तिने ३ एप्रिल केला. पहिला आकडा बारापेक्षा मोठा असला की तो महिना असू शकत नाही, तेव्हा ती काही न बोलता अर्थ उलटा करून बरोबर तारीख देते. माझी सगळी तपासणी २० ते २८ फेब्रुवारीच्या भावांवर झाली होती, त्यामुळे मला एकही तारीख चुकलेली दिसली नाही.

पुढच्या महिन्यातला भाव निदान डोळ्यांत भरतो. त्याहून वाईट नुकसान मागे झाले होते. शनिवार असूनही १ मार्चला काही मंड्या चालू होत्या. त्यांचे भाव ०१/०३ म्हणून आले, लायब्ररीने त्यांना ३ जानेवारी ही तारीख लावली, आणि वापरकर्त्यांच्या साठ्यातले ३ जानेवारीचे खरे भाव त्यांच्याखाली गाडले गेले. विकासावस्थेतली आवृत्ती वापरणारे चौघेच होते, पण देवासची कंपनी त्यांत होती. त्यांच्या हिशेबनीसांना मी स्वतः फोन केला, क्षमा मागितली आणि ३ जानेवारीचे भाव नव्याने उतरवून देणारी छोटी आज्ञावली त्याच रात्री लिहून दिली. ते फक्त एवढेच म्हणाले की यापुढे तुम्ही सांगाल तेव्हाच नवीन आवृत्ती घेऊ, आणि ते मला कोणत्याही रागावण्यापेक्षा जास्त लागले.

डेटयुटिल आता काढून टाकली आहे. तारखेचा साचा एकच, तो मोडला की त्रुटी. शिवाय आजच्या पुढची तारीख आली तर तीही त्रुटी.

१५ मार्च

काल धुळवड. इंदूर, उज्जैन, देवास, धार, सगळीकडून रिकामी यादी आली आणि लॅपटॉपने रात्रभर धोक्याचे संदेश पाठवले. मंडी बंद असणे हा काही बिघाड नाही. इथे तर रंगपंचमीपर्यंत व्यवहार ढिलेच असतात. त्या दिवशी राजवाड्यासमोरून गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते, आणि मार्चअखेरीला हिशेबांसाठी मंड्या पुन्हा काही दिवस बंद होतात.

पण संदेश बंद करण्याआधी कच्ची उत्तरे पाहिली ते बरे झाले, कारण सगळ्या रिकाम्या याद्या सारख्या नव्हत्या. दुपारपर्यंतच्या उत्तरांत "एकूण नोंदी शून्य" असे सेवेने स्वतः सांगितले होते. संध्याकाळच्या उत्तरांत मात्र "देखभालीसाठी सेवा बंद" असे लिहिलेले एचटीएमएलचे पान होते, आणि ते २०० या यशाच्या क्रमांकासह आले होते. सेवा भाव जेसन या ठरलेल्या स्वरूपात पाठवते, आणि आमचा कोड ते जेसन वाचण्यात अपयश आले की ती त्रुटी गिळून रिकामी यादी परत करत असे. हे "वापरकर्त्याला त्रास नको" म्हणून मीच २०१९ मध्ये लिहिले होते, तशी टीपही तिथे होती.

सुट्ट्यांची यादी लायब्ररीत घालावी असे सहकाऱ्यांनी सुचवले. मी नको म्हणालो, कारण प्रत्येक मंडीच्या सुट्ट्या निराळ्या असतात, व्यापाऱ्यांच्या संपाची तारीख पंचांगात नसते, आणि ती यादी सांभाळणे हे आणखी एक न संपणारे काम झाले असते. सेवा स्वतः शून्य म्हणाली तरच रिकामी यादी द्यायची आणि बाकी सर्व प्रसंगी त्रुटी, एवढाच नियम केला. उत्तराचा प्रकार जेसन आहे की नाही हे आता मजकूर उघडण्याआधीच पाहिले जाते.

याच तपासणीत पानांची मोजणीही चुकीची निघाली. आकारमान न सांगता विचारले तर नवीन पत्ता दहाच ओळी देतो, जुना शंभर देत असे. एकूण नोंदींचा आकडा आणि हातात आलेल्या ओळी जुळल्या नाहीत तर आता तीही त्रुटी आहे.

२२ मार्च

हा आठवडा नावांत गेला आणि सर्वांत वाईट चूक मी इथे केली.

नवीन पत्त्यावर मंड्यांची रोमन स्पेलिंगे बदलली आहेत. कुठे एक ए जास्त, कुठे एच गाळलेला. वापरकर्त्यांच्या फायलींत जुनी नावे आहेत आणि ती चालत राहावीत म्हणून मी अक्षरांतील साम्य मोजून सर्वांत जवळचे नाव निवडण्याची सोय केली. मर्यादा ८५ टक्के ठेवली. चाळीस नावांवर पाहिले, चाळीसही बरोबर जुळली, आणि मी समाधानाने झोपलो.

दुसऱ्या दिवशी सहज काकांना गव्हाचे भाव वाचून दाखवत होतो. बडनगरचा भाव ऐकून ते थांबले. "हा बडनगरचा नाही, बदनावरचा असेल. बडनगरला आज लिलावच नव्हता." बडनगर उज्जैन जिल्ह्यात आहे आणि बदनावर धार जिल्ह्यात. देवनागरीत कोणी या दोहोंत गफलत करणार नाही, पण रोमन लिपीत त्यांच्यात बरोबर एका अक्षराचा फरक आहे. त्या दिवशी यादीत बडनगर नव्हते, म्हणून माझ्या हुशार कोडने सर्वांत जवळचे नाव, म्हणजे बदनावर, उचलून दिले. गहू दोन्हीकडे विकला जातो, भाव शेपन्नास रुपयांच्या फरकाने सारखेच असतात, आणि म्हणून हे कोणत्याही तपासणीत पकडले गेले नसते. काकांनी पकडले, कारण लिलाव नव्हता हे त्यांना ठाऊक होते.

साम्य मोजणारा सगळा भाग काढला. त्याच्या जागी जुने नाव आणि नवे नाव यांची हाताने लिहिलेली यादी आहे, ३१२ ओळींची. ती करायला अकरा तास लागले. ओळखीच्या मंड्यांसाठी काकांनी दोन दुपारी दिल्या, महाराष्ट्राच्या बाजूचे मी नकाशा उघडून पाहिले. यादीत नसलेले नाव आले तर लायब्ररी जवळची नावे सुचवते, पण निवडत नाही.

३० मार्च

जिल्ह्यांची नावे यादीने सुटतील असे वाटले होते. होशंगाबादचे २०२२ मध्ये नर्मदापुरम झाले, महाराष्ट्रात औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. इथे जुने नाव खोडून नवे लिहिले की काम होते. पांढुर्ण्याचे तसे नाही. तो जिल्हा २०२३ मध्ये छिंदवाड्यातून वेगळा निघाला, त्यामुळे छिंदवाडा हे नाव तसेच आहे पण त्याचा अर्थ बदलला आहे. एखाद्याने छिंदवाडा जिल्ह्याची २०२२ आणि २०२४ ची आवक शेजारी ठेवली तर पांढुर्णा जिल्ह्यात गेलेल्या मंड्यांपुरती घट दिसेल आणि ती खरी नसेल.

जिल्ह्यांसाठी आता केंद्र सरकारच्या स्थानिक शासन निर्देशिकेतले क्रमांक वापरतो, नावे केवळ दाखवण्यापुरती राहिली आहेत. विभाजनाचा प्रश्न त्यानेही सुटत नाही. लायब्ररीने जुन्या नोंदींचा जिल्हा परस्पर बदलू नये असे आम्ही ठरवले. सेवा ज्या तारखेला जे सांगते तेच द्यायचे. जिल्ह्यांची बेरीज करणाऱ्याने मंडीपासून बेरीज करावी असे दस्तऐवजात उदाहरणासह लिहिले, आणि ते उदाहरण पांढुर्ण्याचेच दिले.

६ एप्रिल

दर आता दशांश प्रकारात येतो, जिल्हा क्रमांकाने ओळखला जातो, आणि पूर्वी रिकामी यादी मिळे तिथे त्रुटी मिळते. हे सगळे जुना कोड मोडणारे बदल आहेत, म्हणून आवृत्ती ३.०. त्याआधी पुलासारखी २.९ काढायची, जी नवीन पत्त्याशी बोलेल पण जुनीच रूपे देईल आणि इशारे देईल.

इशारे कोणालाच दिसेनात. डेप्रिकेशन वॉर्निंग हा प्रकार पायथन सहसा दाबून ठेवते. वापरकर्त्याने थेट चालवलेल्या फायलीतून तो उद्भवला तरच दिसतो, लायब्ररीच्या आतून आला तर नाही. तो बदलून फ्यूचर वॉर्निंग केला, जो सर्वांना दिसतो. मग तो प्रत्येक ओळीला दिसू लागला आणि विद्यार्थ्याच्या पडद्यावर चारशे वेळा छापला गेला. आता एका चालवण्यात एकदाच.

१० एप्रिल

काल रात्री ३.० पायपीआयवर, म्हणजे जिथून लोक पायथनच्या लायब्ररी उतरवून घेतात तिथे, काढली आणि सव्वा तासात मागे घेतली. ३१२ ओळींची नावांची फाईल तयार पुडक्यात गेलीच नव्हती. माझ्याकडे सगळे चालत होते, कारण चाचण्या भांडारातूनच चालतात आणि तिथे फाईल आहे. पायपीआयवर एकदा वापरलेला आवृत्ती क्रमांक पुसूनही पुन्हा वापरता येत नाही, म्हणून ३.०.० वर "यँक" अशी खूण केली, ज्यामुळे नेमका तोच क्रमांक न मागता नव्याने बसवणाऱ्याला ती मिळत नाही, आणि आज ३.०.१ काढली. चाचण्या आता तयार पुडके कोऱ्या वातावरणात बसवून चालतात. त्यासाठी दोन मिनिटे जास्त लागतात.

२४ एप्रिल

प्रत्येक मालासाठी एक अवाजवी दर ठरवून त्यापलीकडचे काही आले की संदेश पाठवायचा, अशी तपासणी फक्त आमच्या लॅपटॉपवर ठेवली आहे, लायब्ररीत नाही. आज तिने इंदूरच्या चण्यावर बोट ठेवले. मला पुन्हा स्वल्पविराम आठवला. काकांनी आकडा ऐकून सांगितले, "तो डॉलर चना आहे. त्याला चणा म्हणून कोणी विकत नाही." काबुली चण्याला इथल्या बाजारात डॉलर म्हणतात आणि त्याचा भाव साध्या चण्याच्या बराच वर असतो. सेवेने दोन्ही एकाच मालाखाली घालून वाणाच्या रकान्यात फरक ठेवला आहे, आणि आम्ही वाणाचा रकाना वाचत नव्हतो. तो आता ३.१ मध्ये वाचला जाईल.

२ मे

जुना पत्ता ठरल्याप्रमाणे बंद झाला. कायमचे गेले हे सांगणारा ४१० क्रमांक येईल अशी अपेक्षा होती. त्याऐवजी सेवेच्या मुख्य पानाकडे वळवले जाते आणि तिथे २०० मिळतो. २.९ आणि ३.० वाल्यांना काही फरक पडला नाही. २.८ वर राहिलेल्यांना रिकामी यादी मिळू लागली, आणि धारच्या एका वापरकर्त्याने विचारले की अक्षय्य तृतीया होऊन दोन दिवस झाले, मंड्या अजून बंद का आहेत.

त्यांना २.९ घ्यायला सांगितले तर त्यांच्या संगणकावर लायब्ररी बसवणारा पिप २.८ हीच सर्वांत नवीन आवृत्ती असल्याचे सांगत होता. त्यांच्याकडे पायथन ३.७ आहे. २.९ ला ३.९ लागते असे मी जाहीर केले होते, आणि पिप अशा वेळी काही न बोलता चालेल ती जुनी आवृत्ती देतो. ३.९ ची अट मी भारतीय वेळेसाठी पायथनचे वेळपट्ट्यांचे साधन झोनइन्फो वापरल्यामुळे आली होती. भारतात घड्याळ उन्हाळ्या-हिवाळ्यात बदलत नाही, पाच तास तीस मिनिटांचा ठरावीक फरक पुरतो. झोनइन्फो काढले, दोन ठिकाणी ३.८ मध्ये आलेली वॉलरसची (:=) खूण होती तीही काढली, चाचण्या ३.७ वर चालवल्या आणि २.९.३ काढली. पावणेदोन तास. धारहून उत्तर आले की भाव दिसत आहेत. मी त्यांच्याकडून आजच्या गव्हाचा आकडा मागवून काकांकडे पडताळून घेतला.